कुठल्या कानात वाजतंय?

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटतं की हा जेवणाचा काटा आहे आणि ह्याचे मधले दात पडले आहेत. हसू नका. मी नादकाटा आहे. वयाने बराच जुना आहे, पण सूर पहिल्या दिवशी होता तोच आजही आहे. पोलादाच्या दोन सरळ भुजा, त्यांना खाली जोडणारा बाक आणि धरायला एक दांडी, एवढंच माझं शरीर. एका भुजेवर बारीक आकडा कोरलेला आहे, ५१२. मला हलकेच ठोकलं की माझ्या भुजा सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरतात. ना एक कमी, ना एक जास्त. 'मी एकदा सांगितलं की त्यात बदल नाही' असं माणसं छातीठोकपणे म्हणतात, तेव्हा मला मनातल्या मनात हसू येतं.

हा सूर मला फुकट मिळालेला नाही. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याच्या हातात बारीक कानस असायची आणि समोर एक जुना, खात्रीचा नादकाटा उभा असायचा. तो आम्हा दोघांना एकदम वाजवायचा. सूर जुळत नसले की दोन आवाज मिळून हेलकावे खातात, वाव्-वाव्-वाव् असे. टोकाला घासलं की माझा सूर चढायचा, बुडाशी घासलं की उतरायचा. घासताना मी तापायचो आणि तापलेला नादकाटा किंचित खाली वाजतो, म्हणून दर दोन-तीन हातांनंतर तो मला बाजूला ठेवायचा आणि पाय पसरून स्वस्थ बसून राहायचा. बघणाऱ्याला वाटायचं, हा आळशी आहे. असं करत करत तिसऱ्या दिवशी हेलकावे थांबले आणि आमच्या दोघांचा मिळून एकच आवाज निघाला. त्याने मला फडक्याने पुसलं, आकडा कोरला आणि पेटीत ठेवलं. मी त्या क्षणापासून ताठ मानेने जगतो आहे.

पेटी उघडली ती एका कानाच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई तेव्हा तरुण होत्या, नुकतीच पाटी लावली होती. त्यांनी मला तळहाताच्या मऊ भागावर ठोकलं, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "वा! अगदी गुणी आहे." मग पुढची तीस-बत्तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून किती कान तपासले, ह्याची गणती नाही.

माझं काम वरून साधं दिसतं, पण त्यात एक गंमत आहे. ती तुम्हीसुद्धा आत्ता करून पाहू शकता. एक कान बोटाने घट्ट बंद करा आणि तोंड मिटून 'म्म्म' असं गुणगुणा. काय झालं? आवाज बंद केलेल्या कानातच मोठा येतो ना? उघडा कान बिचारा मागे पडतो. असं का होतं, तर आवाजाला आत जायला दोन वाटा आहेत. एक हवेतून, कानाच्या भोकावाटे. दुसरी हाडातून, कवटीवाटे. कानाचं दार बंद असलं तरी हाडाची वाट चालूच राहते, आणि बाहेरचा गलका आत येत नसल्यामुळे हाडातून आलेला आवाज तिथे जास्तच घुमतो.

म्हणून डॉक्टरीणबाई मला वाजवून पेशंटच्या कपाळाच्या मधोमध टेकवायच्या आणि विचारायच्या, "कुठल्या कानात वाजतंय?" ज्याच्या कानातली नस मेलेली असते, त्याला मी चांगल्या कानात ऐकू येतो. पण ज्याची नस जिवंत आहे आणि नुसतं दार अडलंय, त्याला मी बहिऱ्या कानात ऐकू येतो! पेशंट थक्क व्हायचे. "बाई, हा तर मेलेल्या कानात बोलतोय," असं एक आजोबा म्हणाले होते. बाई हसून म्हणाल्या, "मेलेला नाही हो आजोबा, कोंडलेला आहे." दार अडलेलं असेल तर ते उघडता येतं. मेलेली नस मात्र जागी करता येत नाही. तेव्हा माझ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरायचं, हे मी गर्वाने सांगतो. गर्व करू नये म्हणतात, पण मला दुसरं काही येतच नाही, तर मी गर्व तरी कशाचा करू?

पुढे बाईंचे केस पांढरे झाले आणि दवाखाना त्यांच्या सुनेकडे आला. सूनही कानाचीच डॉक्टर, हुशार आणि कामाला चोख. तिने काचेची एक खोली बांधून घेतली आणि आत मशिन आणलं. पेशंटच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, मशिन कागदावर आलेख काढून देतं. खरं सांगतो, मशिन चांगलं होतं. मी एकच सूर जाणतो, ते चढे-उतरे सगळे सूर जाणायचं. पण चांगलं असलं म्हणून काय झालं, मला त्याचा हेवा वाटायचा तो वाटायचाच.

माझी रवानगी आधी ड्रॉवरमध्ये झाली, सुकलेली पेनं आणि रबरबँडांच्या सोबतीला. तिथून मला टेबलावर आणलं ते पंख्याच्या वाऱ्याने कागद उडतात म्हणून. कागद कसले? मशिनच्या रिपोर्टांचे! ज्याने माझी जागा घेतली, त्याच्याच रिपोर्टांवर वजन म्हणून मी पडून राहायचो. ह्याहून मोठा पाणउतारा कुठला? थोरल्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या. जाताना मला बोटाने हलकेच टिचकी मारायच्या. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

अशाच एका दुपारी मिस्त्री आला.

मिस्त्री म्हणजे गॅरेजमधला मेकॅनिक. पंचेचाळिशीचा असेल, नखांत काळं तेल, बसला तो डावा कान पुढे करून. सोबत त्याची बायको होती आणि बोलत तीच होती.

"डॉक्टर, आधी मला एवढं सांगा, ह्यांना ऐकू येत नाही, की ह्यांना ऐकायचं नाही?"

"कधीपासून आहे हे?" सुनेने विचारलं.

"चार वर्षं झाली. घरात मी घसा फोडून बोलते. दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरातून सांगितलं तरी हे पेपर वाचत बसतात. आणि गॅरेजमध्ये जाऊन बघा! चार-चार इंजिनं चालू असतात, माझे कान किटतात, आणि तिकडे लांबून कोणी 'मिस्त्री, चहा' म्हटलं की हे लगेच वळतात! मी स्वतः बघितलंय. म्हणजे चहा ऐकू येतो आणि बायको ऐकू येत नाही. ह्याला सोंग नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

मिस्त्रीने मान खाली घातली. त्याला बरंचसं ऐकू गेलं असावं, कारण ती मोठ्यानेच बोलत होती.

"आता मी बोलणंच सोडलंय," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून फ्रिजला लावते. एका घरात राहून चिठ्ठ्या! आज काय ते एकदा नक्की होऊ दे. बहिरे असतील तर बहिरे म्हणा. नाहीतर मी बहिणीकडे निघून जाते, मग ह्यांनी इंजिनांशीच संसार करावा."

मित्रांनो, त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते लक्षात घ्या. बायकोच्या लेखी तो सोंगाड्या होता. आज तपासणीत 'ऐकू येतं' असं निघालं, तर त्याचा संसार मोडणार होता. त्याला नेमकी ह्याचीच धास्ती होती.

सुनेने त्याला काचेच्या खोलीत बसवलं. हवेतून आवाज सोडले, मग कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून हाडातून सोडले. "वाजलं की बटण दाबा," एवढंच तिने सांगितलं होतं. थोड्या वेळाने रिपोर्ट घेऊन ती बाहेर आली आणि तो माझ्याखाली सरकवला, म्हणून मी वाचू शकलो. डावा कान थोडा कमी, उजवा पार कामातून गेलेला, हवेतूनही आणि हाडातूनही.

"उजव्या कानाची नस गेलीय," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं इंजिनांच्या आवाजात राहिल्याने होतं असं. ह्यावर इलाज नाही. आणि डावाही हळूहळू त्याच वाटेने चाललाय."

बायको उभीच राहिली. "म्हणजे... खरंच ऐकू येत नाही ह्यांना?"

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं काहीतरी आलं. चार वर्षांचा डाग पुसला गेला होता ना! पण 'डावाही' हा शब्द मागाहून त्याच्या डोक्यात शिरला असावा, कारण त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. इंजिनाचा आवाजच ऐकू आला नाही, तर त्या हातांना दुरुस्ती कुठे करायची ते कोण सांगणार?

कोपऱ्यातल्या खुर्चीत थोरल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र केव्हाच कान टवकारले होते. "काय म्हणालात तुम्ही मघाशी? इंजिनं चालू असताना ह्यांना बरं ऐकू येतं?"

"हो ना बाई. उलटं आहे सगळं."

बाई उठल्या, टेबलाशी आल्या आणि त्यांनी मला उचललं. रिपोर्ट फरफरत जमिनीवर गेले, कोणी लक्ष दिलं नाही. तळहातावर ठोकलं आणि कितीतरी वर्षांनी मी माणसाच्या कपाळाला टेकलो. काय सांगू तुम्हाला! माझा नाद त्याच्या हाडांतून पसरला आणि थेट उजव्या कानात जाऊन घुमला. तिथली नस अशी खणखणीत जागी होती की मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

"कुठल्या कानात वाजतंय?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

मिस्त्रीच्या पापण्या फडफडल्या. त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "डाव्या."

बाईंनी पुन्हा वाजवलं, पुन्हा टेकवलं. "नीट सांगा."

"डाव्याच. चांगल्या कानात."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी असं तोंडावर खोटं पाडलं नव्हतं. पाचशे बारा वेळा थरथरून मी ओरडत होतो की उजव्या, उजव्या! पण मला दुसरा शब्द येत नाही. आणि त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं की जे उत्तर तो दडवत होता, त्यातच त्याची सुटका होती. बहिऱ्या कानात वाजतंय म्हटलं की आपण सोंगाडे ठरू, असं त्याला वाटत होतं. मशिनलाही त्याने असंच फसवलं होतं. उजव्या कानात वाजलं की तो बटणच दाबत नव्हता. मशिनचा काय दोष? बटण दाबलं गेलं तेवढंच त्याने लिहिलं.

"झालं ना आई?" सून हळूच म्हणाली. "दोन्हीत एकच निघालं."

बाई मिस्त्रीच्या नखांकडे बघत होत्या. मग खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या आणि मला त्याच्या हातात दिलं.

"मिस्त्री, कान राहू द्या. मला एक मदत करा. हा नादकाटा फार जुना आहे, बिघडलाय की काय अशी शंका येते मला. मला काही त्यातलं कळत नाही. तुम्ही इंजिन तपासता तसा हा तपासून सांगता का?"

त्याचा चेहराच बदलला. एवढा वेळ पेशंट होता, आता मिस्त्री झाला. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, दांडी बरोबर चिमटीत धरली आणि बोटाच्या पेराने भुजेवर नेमकी टिचकी मारली, कोणी न शिकवता. मग त्याने काय केलं असेल? गॅरेजमध्ये लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानामागच्या हाडावर धरतात आणि आत कुठे खरखर होतेय ते ऐकतात. तोच त्याचा रोजचा हात. सवयीने तो हात वर गेला आणि माझी दांडी कानामागे टेकली. मिस्त्रीने डोळे मिटले. ऐकत राहिला, माझा नाद अगदी विरून जाईपर्यंत.

"बिघाड काही नाही बाई," तो म्हणाला. "एकदम साफ आहे. कुठे खरखर नाही, कुठे अडत नाही. असा माल आता मिळत नाही."

मित्रांनो, मोठमोठ्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलंय. पण ह्या वाक्याने माझं पोलाद जसं तापलं, तसं ते कानशीनेही कधी तापलं नव्हतं.

"बरं वाटलं ऐकून," बाई म्हणाल्या. "आता डोळे उघडा आणि बघा, कुठल्या कानामागे धरलाय तो?"

मिस्त्रीचा हात जागच्या जागी थिजला. मी त्याच्या उजव्या कानामागे होतो.

बायको पुढे आली. सून पुढे आली.

"मी... बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ह्या कानाला माणसं ऐकू येत नाहीत. आईशप्पथ येत नाहीत. पण स्क्रू ड्रायव्हर लावला की इंजिन येतं, डाव्यापेक्षा चांगलं येतं. आता हे मी घरी कसं सांगू? इंजिन ऐकू येतं आणि बायको येत नाही, कोण विश्वास ठेवेल? म्हणून मी कानाला खडा लावला की ह्यातलं कोणाला कधी सांगायचंच नाही."

थोरल्या डॉक्टरीणबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "अहो मिस्त्री, ह्या एका वाक्यासाठी मी बत्तीस वर्षं हा प्रश्न विचारतेय! नस जिवंत आहे तुमची. आत नुसतं दार अडलंय."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कानाच्या आत तीन इवलाली हाडं असतात. पडद्यावर आलेला आवाज ती एकीकडून दुसरीकडे आत पोचवतात. त्यातलं शेवटचं हाड घोडेस्वार पाय अडकवतो त्या रिकिबीसारखं दिसतं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, आणि सगळ्या शरीरात त्याच्याएवढं छोटं हाड दुसरं नाही. मिस्त्रीचं ते हाड जागच्या जागी घट्ट बसलं होतं, म्हणून हवेतला आवाज पुढे सरकत नव्हता. आणि गॅरेजचं कोडंही सुटलं. गोंगाटात बाकीची माणसं आवाज चढवून बोलतात. मिस्त्रीच्या कानांपर्यंत गोंगाट पोचतच नव्हता, चढवलेला आवाज तेवढा पोचत होता. घरातल्या शांततेत बायको सुरुवातीला बिचारी साध्या आवाजात बोलायची, आणि तेच त्याला ऐकू यायचं नाही.

"म्हणजे पार्ट जाम झालाय," मिस्त्री म्हणाला.

"अगदी बरोबर. जाम झालाय."

"मग पार्ट बदलायचा!"

"बदलायचाच. आणि त्या जागी जो बारीक तुकडा बसवतात ना, त्याला आम्ही डॉक्टर काय म्हणतो ठाऊक आहे? पिस्टन."

मिस्त्री आधी बघतच राहिला. मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

सुनेने जमिनीवरचा रिपोर्ट उचलला आणि फाडून टाकला. "माझं चुकलं, आई. मी 'वाजलं की दाबा' एवढंच म्हटलं. कुठल्याही कानात वाजलं तरी चालेल, हे सांगितलं नाही." मला हे फार आवडलं. स्वतःच्या तोंडाने असं म्हणणारी माणसं कमी असतात. त्या दिवसापासून मी तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असतो. आधी मी, मग मशिन, असा आता दवाखान्याचा नियमच आहे. मशिनचं आणि माझंही बरं जमतं.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांना टेबलाच्या कडेवर आपटू नका, गुडघ्यावर किंवा रबरावर हलकेच वाजवा, आणि पुसून ठेवा, गंज आम्हाला बेसूर करतो. आणि कोणी 'मला ऐकू येत नाही' म्हणालं तर त्याची टर उडवण्याआधी त्याला नीट विचारून घ्या. आम्ही साधनं खरं तेच वाजवतो. पण खरं सांगायला माणसाला धीर द्यावा लागतो, आणि ते काम तुमचं आहे.

ऑपरेशन झाल्यावर दोन महिन्यांनी मिस्त्री आणि त्याची बायको पुन्हा आली. बाईंनी मला त्याच्या कपाळावर टेकवलं आणि विचारलं, "कुठल्या कानात वाजतंय?"

"मधोमध," तो म्हणाला. "खरं सांगू? जरासं डावीकडे."

"शाबास!" बाई म्हणाल्या. "म्हणजे डाव्यातही तसाच पार्ट जाम होऊ लागलाय. वेळ आली की तोही बदलू." त्यांनी मला मिस्त्रीच्या हातात दिलं आणि सुनेला बोलवायला आत गेल्या.

खोलीत ती दोघंच होती, आणि मी. बायको त्याच्या उजव्या बाजूला बसली होती. चार वर्षं ओरडून ओरडून तिला हळू बोलायची सवय राहिली नव्हती, तरी तिने आवाज अगदी खाली आणला, एवढा की पंख्याच्या आवाजात तो बुडायला हवा होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "खूप बोलले मी तुम्हाला."

मिस्त्री भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होता. त्याची नजर हलली नाही. पण मी त्याच्या मुठीत होतो, आणि ती मूठ थरथरली हे माझ्याहून चांगलं कोणाला कळणार?

"काय म्हणालीस?"

"चुकलं माझं, म्हटलं!"

"अं? पुन्हा एकदा सांग."

"अहो, चुकलं माझं!" ती ओरडली. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी माना वळवल्या. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि डोळे भरून आले होते.

"अहो, सोंग करताय तुम्ही!"

"हो," मिस्त्री म्हणाला. "आज पहिल्यांदाच."